विरोधी संवत्सरातला सोमवार

आमच्या घरातल्या टेबलाच्या खालच्या खणात एक ग्राफिंग कॅल्क्युलेटर बरीच वर्षं पडून होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा, टीआय-८४ प्लस. अमेरिकेतल्या मामानं भाच्याला हौसेनं पाठवला होता. भाचा, म्हणजे आमचे चिरंजीव, इंजिनिअरिंगला गेले आणि पहिल्याच परीक्षेच्या सूचनांमध्ये कळलं की प्रोग्रॅम करता येणारा कॅल्क्युलेटर हॉलमध्ये आणायचा नाही. साधा सायंटिफिक चालेल. झालं! चार सेल काढून यंत्र खणात गेलं. आपल्याकडं या यंत्राचं बहुतेक असंच होतं. अमेरिकेत शाळकरी मुलं ते रोज दप्तरातून नेतात. आपल्याकडं ते परीक्षेला चालत नाही, आणि जे परीक्षेला चालत नाही ते शिकायचं कशाला, हा आपला शिरस्ता.

मागच्या उन्हाळ्यात मी ते बाहेर काढलं. वर्गात आलेख शिकवताना फळ्यावर हात दुखेपर्यंत रेघा मारण्यापेक्षा हे बरं, एवढाच विचार होता. कॅसिओनं १९८५ साली एफएक्स-७००० जी नावाचा पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर बाजारात आणला, तेव्हा त्यात प्रोग्रॅमसाठी जेमतेम ४२२ बाइट जागा होती. चार ओळींचं पत्र बसेल, एवढीच. आमच्या टीआय-८४ मध्ये २४ किलोबाइट आहे. आजच्या फोनपुढं तीही नगण्यच. पण त्या जागेत काय लिहायचं ते आपण ठरवायचं असतं. मुलाला विचारलं, "यात नवीन काय करता येईल?" तो म्हणाला, "गेम्स, बाबा. सगळे तेच करतात."

मी कागदावर यादी करायला बसलो. इचलकरंजीला माग असलेले आमचे एक नातेवाईक आहेत. ताण्याला किती सूत लागेल, हा हिशेब ते अजून पाकिटाच्या मागच्या बाजूला करतात. हिशेब सोपा आहे. ताण्याचे धागे गुणिले लांबी, याला ८४० गुणिले काउंटनं भागायचं. २४०० धागे, १०० यार्ड लांबी, ४० काउंट, तर साधारण ७.१४ पौंड सूत. तीन आकडे विचारून चौथा सांगणारा प्रोग्रॅम पाच मिनिटांत झाला. त्यांना दाखवला. ते म्हणाले, "पाकिटावरही पाचच मिनिटं लागतात." म्हणजे तो बेत तिथंच संपला.

खरा प्रोग्रॅम सापडला तो बुऱ्हाणपूरला.

एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नासाठी गेलो होतो. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, भुसावळ-खंडवा रेल्वेमार्गावर. २००३ साली खंडव्यापासून वेगळा जिल्हा झाला. पण बाजारात कान दिले की मराठी, हिंदी, उर्दू सगळं एकाच दुकानात ऐकू येतं. पलीकडं जळगाव जिल्हा आहे, जुन्या काळी हा सगळा खानदेशच. आपल्यासारखीच ही सीमेवरची माणसं, फक्त सीमा दुसरी. तापीच्या काठावरचं गाव, यंत्रमागांचा खडखडाट, माव्याची जिलेबी. १६१५ च्या सुमाराला बांधलेला कुंडी भंडारा हा जमिनीखालून पाणी आणणारा कालवाही तिथलाच. त्याच्या उतारावर एक लेख नक्की लिहीन, पण आज नको.

गावाच्या मध्यभागी जामा मशीद आहे. फारुकी घराण्यातल्या आदिलशाहानं, म्हणजे राजा अली खानानं, ती बांधली. हा आदिलशाह विजापूरचा नव्हे. आपल्या भागात हे नाव घेतलं की लगेच गोल घुमट आठवतो, म्हणून सांगितलं. या मशिदीत अरबी लेखाच्या जोडीनं एक संस्कृत लेख कोरलेला आहे. सृष्टिकर्त्याला नमन करून सुरू होतो, राजाची वंशावळ देतो आणि शेवटी मशिदीचा दिवस सांगतो. रायबहादूर हिरालाल यांनी तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या नवव्या खंडात छापला आहे.

तो दिवस कसा सांगितलाय ते बघा. विक्रम संवत १६४६, शके १५११, विरोधी संवत्सर, पौष महिना, शुक्ल पक्ष, दशमी २३ घटीपर्यंत आणि पुढं एकादशी, सोमवार, कृत्तिका ३३ घटीपर्यंत आणि पुढं रोहिणी, वणिज करण, रात्रीच्या ११ घटी गेल्यावर, कन्या लग्नावर. मशिदीच्या दगडावर मुहूर्ताची अख्खी कुंडली! लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा हल्ली एवढं कोणी छापत नाही.

परतीच्या गाडीत मनात आलं, हे सगळं जुळतं का? कोणी जोशीबुवांनी हा मजकूर दिला असणार. त्यांचं गणित बरोबर होतं का? घरी आल्यावर सेल बदलले आणि बसलो.

पहिली पायरी संवत्सराची. शकात १२ मिळवायचे, ६० नं भागायचं, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक. १५११ अधिक १२ म्हणजे १५२३. साठ पंचवीस पंधराशे, बाकी २३. आता तेविसावा संवत्सर कोणता? कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर देवनागरी नाही आणि कन्नडही नाही. स्वयंपाकघरात अव्वा होती. माझी आई धारवाडकडची. आम्ही तिला अव्वा म्हणतो, बाबा मराठी आणि घर दोन्ही भाषांचं, हे या सदराच्या जुन्या वाचकांना माहीत आहे. तिला साठ नावं चालीवर पाठ आहेत. बोटांच्या पेरांवर मोजत ती सुरू झाली, "प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोदूत…" तेविसाव्या पेराला थांबली. "विरोधी."

अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. कारण हे असं जुळायलाच हवं होतं, असं मुळीच नाही. गुरूच्या गतीवरून साठ नावं मोजण्याची रीत उत्तरेत चालते. तिच्यात साधारण ८५ वर्षांनी एक नाव गळतं. नर्मदेच्या दक्षिणेला आपण नाव गाळत नाही, ओळीनं मोजतो. त्यामुळं दोन्ही रीतींमध्ये अंतर पडत गेलं आणि १५८९ पर्यंत ते आठ-नऊ नावांचं झालं होतं. उत्तरेच्या रीतीनं त्या वर्षी विरोधी येतच नाही. बुऱ्हाणपूरच्या जोशीबुवांनी विक्रम संवत लिहिला खरा, पण संवत्सर मोजला तो आपल्यासारखा. मराठी घरात गुढीपाडव्याला आणि कन्नड घरात युगादीला जे नाव वाचतात, त्याच ओळीतला. २०२४ च्या पाडव्याला आपण दोन्हीकडं 'क्रोधी' म्हटलं ना, तोच हिशेब: १९४६ अधिक १२, बाकी ३८.

दुसरी पायरी वाराची. खगोलशास्त्रात दिवसांना एक सलग क्रमांक देतात, त्याला ज्युलियन दिनांक म्हणतात. आपल्याकडच्या अहर्गणासारखाच. त्याला ७ नं भागून बाकी शून्य उरली की सोमवार. हिरालालांच्या लेखात हा दिवस ५ जानेवारी १५९० दिला आहे. त्याचा क्रमांक येतो २३,०१,८१०. भागून बघा. ३,२८,८३० वेळा सात, बाकी शून्य. सोमवार!

इथं एक खड्डा आहे, त्यात मीही पडलो. ही तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीत तोच दिवस १५ जानेवारी. युरोपात पोपनं १५८२ साली दहा दिवस गाळले, इंग्रजांनी ते १७५२ साली मानलं, आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याआधीच्या तारखा बहुधा जुन्याच पद्धतीनं असतात. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही ज्युलियनच आहे, ग्रेगोरियननं ती १ मार्च होते. पहिल्या खेपेला मी प्रोग्रॅममध्ये नवी पद्धत घातली होती. सोमवारऐवजी शुक्रवार आला आणि अर्धा तास मी जोशीबुवांना दोष देत बसलो.

खरी गंमत तिथीची. आकाशात चंद्र सूर्याच्या पुढं १२ अंश गेला की एक तिथी पूर्ण होते. दहा तिथी संपल्या म्हणजे अंतर १२० अंश झालं. ग्राफिंग कॅल्क्युलेटर इथंच साध्या कॅल्क्युलेटरपेक्षा वेगळा पडतो. आडव्या अक्षावर त्या सोमवारचे तास मांडले, उभ्या अक्षावर चंद्र-सूर्यातलं अंतर. एक चढती रेघ उमटली. दुसरी रेघ १२० वर आडवी ओढली. दोन्ही जिथं छेदतात, तिथं दशमी संपली. छेदनबिंदू शोधायची सोय यंत्रातच आहे. पंचांगातला आकडा असा रेघेवर बसलेला मी याआधी कधी पाहिला नव्हता, आणि इतकी वर्षं आलेख शिकवतोय!

प्रथम चंद्र आणि सूर्य दोघेही एकसारख्या वेगानं चालतात असं धरलं. दशमी संपली मध्यरात्र उलटून एकच्या सुमाराला. दगडावर काय आहे? २३ घटी. एक घटी २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयानंतर ९ तास १२ मिनिटं. त्या दिवशी बुऱ्हाणपूरचा सूर्योदय स्थानिक वेळेनं सकाळी ६ वाजून ४० मिनिटांच्या आसपास. म्हणजे दगडाप्रमाणं दशमी संपली दुपारी चारच्या जरा आधी. माझं उत्तर नऊ तासांनी चुकलेलं. साहजिकच आहे, कारण चंद्र एकसारखा चालत नाही. पृथ्वीजवळ असला की पळतो, लांब गेला की रेंगाळतो.

मग आजच्या खगोलशास्त्रातल्या दुरुस्त्या घातल्या. चंद्राची सर्वांत मोठी दुरुस्ती जास्तीत जास्त ६.२९ अंशांची, दुसरी १.२७ अंशांची, सूर्याची १.९२ अंशांची, आणखी काही बारीकसारीक. प्रोग्रॅम लांबला, यंत्र विचार करायला लागलं, रेघ सावकाश एकेक ठिपका पुढं सरकली. उत्तर आलं दुपारी सव्वा एक.

म्हणजे दगड पावणेतीन तासांनी चुकला? मुलगा फोनवर काहीतरी बघत होता. म्हणाला, "मीही तेच सांगत होतो. पंचांगाचं ॲप टाकलं असतं तर एका सेकंदात कळलं असतं." ॲपनं काय सांगितलं असतं? सव्वा एक. आणि आम्ही म्हटलं असतं, जोशीबुवा चुकले, विषय संपला.

पण प्रोग्रॅम माझा होता. आकडे बदलायला मला कोणाची परवानगी नको. सूर्यसिद्धान्तात चंद्राचं मंदफल जास्तीत जास्त ५ अंश २ कला आहे आणि सूर्याचं २ अंश १० कला. दुसरी दुरुस्ती नाहीच. हे आकडे शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ग्रंथांत मिळतात. मुरूडचा हा शाळामास्तर १८९६ साली मराठीत 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहून गेला आणि त्याच साली रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर इंग्रजीत 'द इंडियन कॅलेंडर'. शिलालेखांचे दिवस ताडून बघणाऱ्या कितीतरी संशोधकांनी त्यातली कोष्टकं वापरली. मी आधुनिक दुरुस्त्या पुसल्या आणि जुने दोनच आकडे घातले. मध्यम गती आजच्याच ठेवल्या. रेघ पुन्हा सरकली, आणि छेद आला साडेचारला पाच मिनिटं कमी असताना.

दगडाच्या उत्तरापासून अर्ध्या तासावर! बुवांनी त्यांच्या शास्त्राप्रमाणं चोख गणित केलं होतं.

मग त्यांचं शास्त्र पावणेतीन तास चुकणारं का होतं? याचं उत्तरही त्याच रेघांत आहे. त्या ६.२९ आणि १.२७ या दोन दुरुस्त्या पौर्णिमा-अमावास्येला एकमेकींच्या विरुद्ध जातात आणि वजाबाकी उरते बरोबर पाचच्या आसपास. सप्तमी-अष्टमीला त्या एकमेकींत मिळू शकतात आणि बेरीज साडेसातवर जाते. जुन्या लोकांनी आकडे पारखून घेतले ते ग्रहणांवर, आणि ग्रहणं पौर्णिमा-अमावास्येलाच होतात. म्हणून त्यांचा पाच अंशांचा आकडा तिथं बिनचूक, आणि मधल्या तिथींना काही तास इकडंतिकडं. दशमी मधली. मुलानं फोन बाजूला ठेवला आणि तीनही रेघा एकाच पडद्यावर काढून मागितल्या. पडदा ९६ ठिपके रुंद आणि ६४ उंच. त्यात त्या एकमेकींत गुंतल्या, तरी १२० ची रेघ तिन्ही वेगवेगळ्या जागी ओलांडतात, ते स्पष्ट दिसलं.

रात्रीच्या ११ घटी म्हणजे सूर्यास्तानंतर ४ तास २४ मिनिटं, दहाचा सुमार. तेव्हा पूर्वेला कन्या रास उगवत होती का, हेही बघितलं. होती.

हे सगळं चाललं असताना अव्वा दारात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिनं पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढायला लावली. तळाशी पिवळ्या कापडात तिचं टिपण होतं. अज्जानं, म्हणजे तिच्या वडिलांनी, कन्नडमध्ये लिहिलेलं. मला कन्नड बोलता येतं, वाचताना अडखळतो. तिनंच वाचलं, आणि वाचताना भाषा बदलल्यासारखं वाटलंच नाही: शालिवाहन शक १८७०, सर्वधारी संवत्सर, कार्तिक शुद्ध नवमी, बुधवार. इंग्रजी तारीख नाही.

अव्वाचा वाढदिवस आमच्याकडं १ जूनला असतो. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९४७ आहे. त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनच, हे आपल्याकडं कोणाला वेगळं सांगायला नको. शाळेत घालायला वय कमी पडत होतं, मास्तरांनी अंदाजानं पुरं करून टाकलं. पुढं ती स्वतः शिक्षिका झाली, दाखल्यावरची तारीख नोकरीला चिकटली, आणि तेव्हाच्या ५८ वर्षांच्या नियमानं ३१ मे २००५ ला निवृत्त झाली. पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो ना, तसं.

१८७० अधिक १२, भागिले ६०, बाकी २२. अव्वानं पेरं मोजली, सर्वधारी. जुळलं. १९४८ ची दिवाळीची अमावास्या १ नोव्हेंबरला, तिथून पुढं रेघ काढली. या वेळी सूर्योदयाला अंतर ९६ आणि १०८ अंशांच्या मध्ये कोणत्या दिवशी आहे, एवढंच बघायचं होतं. १० नोव्हेंबरला सूर्योदयाच्या वेळी १०५ च्या जवळ. नवमी दुपारपर्यंत. दिवसाचा क्रमांक २४,३२,८६६, सातनं भागून बाकी दोन. शून्य सोमवार, एक मंगळवार, दोन बुधवार.

"अव्वा, १० नोव्हेंबर १९४८."

"हौदेनो?" ती म्हणाली. मग जरा वेळानं, "आमची अव्वा सांगायची, दिवाळीचा फराळ संपला नव्हता तेव्हा तू झालीस."

तिनं बोटांवरच काहीतरी मोजलं. या वेळी संवत्सर नव्हते. "म्हणजे दीड वर्ष," ती म्हणाली. "त्या साली माझ्याकडं तिसरीचा वर्ग होता. त्यांना चौथीपर्यंत न्यायचं होतं मला."

मी काय बोलणार? नातवानं विचारलं, "अज्जी, मग यंदा वाढदिवस नोव्हेंबरमध्ये करायचा?" तिनं उत्तर दिलं नाही. ट्रंकेतून आणखी एक कागद काढून त्याच्या हातात दिला. तिच्या धाकट्या भावाचं टिपण. त्यावर संवत्सर आहे, महिना आहे, तिथी आहे, वाराच्या जागी मात्र वाळवीनं भोक पाडलंय. मुलगा कॅल्क्युलेटर घेऊन जमिनीवरच बसला.